परिपत्रकाचा मसुदा

सकाळी सव्वासातला उपकुलसचिव बाईंचा फोन :
चौलकर, एक परिपत्रक तयार ठेवा.
काढायचं की नाही, ते नंतर बघू.

मी कलिन्याच्या कचेरीत एकटा,
वर्षातून नऊ दिवस बाहेर निघणारा,
डांबरगोळ्यांचा वास मारणारा स्वेटर घालून.
खिडकीतून रोज दिसणाऱ्या बीकेसीच्या काचेच्या इमारती
आज नव्हत्या.
कुणी खोडरबर फिरवावं आणि नीट पुसू नये,
तशी एक राखाडी जागा.

पावसाचा मसुदा माझ्याकडे तयार असतो.
तारीख बदलायची, जावक क्रमांक टाकायचा.
'अतिवृष्टीमुळे' इतक्या वेळा छापलंय
की 'अ' दाबला की उरलेलं संगणकच लिहितो.
पण हे काय आहे?
थंडी म्हणावी, तर अंगावर काटा नाही.
धुकं म्हणावं, तर त्याला गवताचा वास हवा;
याला ओल्या सिमेंटचा आणि जळक्या वायरचा.
धुरके, असं टाइप केलं.
खाली लाल नागमोडी रेघ आली :
असा शब्द नाही.

तोवर विभागांचे फोन सुरू.
संख्याशास्त्राचे तिरोडकर सर म्हणाले,
हवेपायी सुट्टी द्यायला लागलात
तर मार्चपर्यंत कुलूपच लावा.
मानसशास्त्राच्या परेरा बाई म्हणाल्या,
माझ्या वर्गात तिघांच्या बॅगेत दम्याचा पंप असतो.
चौथ्याच्या असायला हवा, त्याला परवडत नाही.
दोघंही खरं बोलत होते.
मी दोघांनाही 'वर कळवतो' म्हणालो,
आणि वर पाहिलं तर
ट्यूबलाइटभोवतीही एक पुसट कडं.

मसुद्यातलं शेवटचं वाक्य मी न विचारताच घातलं,
ते नेहमीच असतं :
शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी नेहमीप्रमाणे उपस्थित राहावे.
म्हणजे मी.
म्हणजे गेटवरचा रामसजीवन,
नाकावर ओढलेला मफलर
दर गाडीला 'पास?' विचारताना खाली करणारा.
नव्या इमारतीच्या तिसऱ्या स्लॅबवर
फरशी कापणारा पोरगा मात्र यात नाही.
तो कर्मचारीही नाही आणि विद्यार्थीही नाही,
त्याला कुठलंच परिपत्रक लागू नाही.

नऊ वाजता दारात तृप्ती धोत्रे.
वनस्पतिशास्त्र, दुसरं वर्ष, माहुलहून दोन बस बदलून.
काका, सुट्टी देणार म्हणतात, खरं का?
म्हटलं, तुमच्या भल्यासाठीच.
घरी बसावं, दारं-खिडक्या लावून.
घरी? ती म्हणाली.
आमच्या खिडकीसमोर चिमणी आहे.
चिवचिव करणारी नव्हे.
इथं आले की मला खोकला कमी येतो.
मग तिनं वही उघडली :
आसोपालवाची पानं, रोज पाच,
ब्रशनं धूळ झाडून, वजन करून, तारीखवार.
छत्तीस ओळी भरलेल्या, सदतिसावी कोरी.
आजचा दिवस सगळ्यात वाईट आहे ना,
मग आज तर मोजायलाच हवं.

अकरा चाळीसला वरून होकार आला.
फक्त तो शब्द काढा, चौलकर.
'अपरिहार्य कारणास्तव' करा.
लाल रेघ गेली.

मी सूचना फलकावर लावली तेव्हा
बहुतेक पोरं आलेलीच होती.
वाचून कँटीनकडे वळली.
तिथली हवा काही वेगळी नव्हती,
चहा होता.

प्रयोगशाळेच्या चावीच्या नोंदवहीत
मी काही लिहिलं नाही.
चावी मात्र खिळ्याला नव्हती.

दुपारी वाटलं, आपलाही हातभार लागावा.
खिडकीखालच्या आसोपालवाचं एक पान तोडलं,
चांगलं राखाडी, जड वाटणारं,
आणि दोन जिने चढून गेलो, मध्ये थांबत.
तिनं चिमट्यात धरून ते उजेडाकडे फिरवलं.
मधोमध माझा अंगठा उमटला होता,
तेवढाच हिरवा.

काका, हे पान बाद, ती म्हणाली
आणि तराजूचं काचेचं दार
हळूच लावून घेतलं.